परिस्थितीचे रसायन

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विस्मरणाचा आजार जडला की चौकशी थेट स्वयंपाकघरात शिरते. अॅल्युमिनियमची पातेली माळ्यावर जातात, त्यांच्या जागी स्टील येते आणि रात्री हळदीचे दूध सुरू होते. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत हा सल्ला फुकट मिळतो आणि देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. मात्र या सल्ल्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: आजारामागे कुणीतरी एक गुन्हेगार पदार्थ असणार आणि त्यावर उतारा म्हणून कुणीतरी एक तारणहार पदार्थही असणार.

अमायलॉइड तंतूंबद्दल गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे कळले आहे, ते या गृहीतकाच्याच मुळावर येणारे आहे. प्रथिनाचा तंतू व्हायचा की नाही, हे साखळी आणि तिच्याभोवतीची रासायनिक परिस्थिती मिळून ठरवतात. ही परिस्थिती सहसा एका पदार्थाची नसते. तिच्यात आम्लता येते, क्षार येतात, धातू येतात, गर्दी येते आणि काळ तर येतोच. हे एकदा मान्य केले की प्रयोगशाळेतले प्रश्न बदलतात, दवाखान्यातले बदलतात आणि, माझे म्हणणे असे आहे की, महापालिकेला विचारायचे प्रश्नही बदलतात.

आधी तंतू म्हणजे काय ते पाहू. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. बहुतेक साखळ्या पेशीत तयार होताच विशिष्ट घडी घालतात आणि कामाला लागतात. कधी ही घडी सुटते, काही साखळ्यांना तर पक्की घडी मुळातच नसते. अशा साखळ्या एकमेकींना चिकटून थरावर थर रचू लागतात. दोन थरांमधले अंतर साधारण 4.7 अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. थर वाढत जाऊन दहा-एक नॅनोमीटर जाडीचा, फांद्या न फुटलेला, सरळ तंतू तयार होतो. काँगो रेड हा रंग लावून ध्रुवित प्रकाशात पाहिले की तो हिरवट चमकतो. पॅथॉलॉजिस्ट आजही या खुणेवर विसंबतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा आणि टाऊ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन, टाइप 2 मधुमेहात स्वादुपिंडातले अमायलिन. साखळ्या एकमेकींच्या दूरच्या नातलगही नाहीत, तरी तंतूची मूळ रचना तीच.

या साम्याचा अर्थ क्रिस्टोफर डॉब्सन यांच्या गटाने लावला. 1998 मध्ये त्यांनी दाखवले की कुठल्याही अमायलॉइड आजाराशी संबंध नसलेले एक साधे प्रथिन आम्ल द्रावणात ठेवले तर त्याचेही असेच तंतू होतात. 2001 मध्ये त्यांनी स्नायूंत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनचे तंतू करून दाखवले. मायोग्लोबिनच्या मूळ घडीत अशा रचनेचा मागमूसही नाही. योग्य सामू (आम्लतेचे माप, पीएच) आणि तापमान मिळताच तेही त्याच वाटेने गेले. म्हणजे तंतू होण्याची क्षमता ही मोजक्या बदनाम प्रथिनांची मिरास नाही, बहुतेक सगळ्याच साखळ्यांच्या अंगी ती थोडीबहुत आहे. मग ‘हे प्रथिन का बिघडले’ या प्रश्नापेक्षा ‘बाकीची इतकी वर्षे कशी टिकली’ हा प्रश्न मोठा ठरतो. आणि त्याचे उत्तर परिस्थितीत शोधावे लागते.

खरे तर हे आधीच सांगून झालेले होते. साखळीतला अमिनो आम्लांचा क्रमच तिची घडी ठरवतो, या शोधासाठी ख्रिश्चन अन्फिन्सेन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण अन्फिन्सेन यांनी त्याला अट घातली होती: द्रावक, सामू, क्षारांचे प्रमाण, धातूंचे आयन, तापमान हे सगळे शरीरात असते तसे असेल तर. विद्यार्थी सिद्धान्त पाठ करतात आणि अट सोडून देतात. अमायलॉइडचे सगळे शास्त्र त्या सोडून दिलेल्या अटीत आहे.

ही अट काम कशी करते? अल्फा-सिन्युक्लिनचे उदाहरण घ्या. 140 अमिनो आम्लांच्या या साखळीच्या एका टोकाला ऋण विद्युतभारांची दाटी आहे. नेहमीच्या सामूला ही टोके एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे साखळ्यांची जवळीक होत नाही. द्रावण आम्लधर्मी झाले की भार मावळतात, दुरावा कमी होतो आणि साखळ्या बिलगतात. क्षार घातले की भार झाकले जातात आणि परिणाम त्याच दिशेने जाऊ शकतो. पण कुठला क्षार हेही महत्त्वाचे. फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या प्रथिनावर प्रयोग करून क्षारांची क्रमवारीच लावली होती: काही क्षार प्रथिनाला द्रावणाबाहेर ढकलतात, काही सामावून घेतात. तांबे, जस्त यांसारखे धातू दोन साखळ्यांमध्ये दुवा होतात. पेशीतली दाटीवाटी साखळ्यांना एकमेकींकडे रेटते. पेशीच्या पटलाचा किंवा नुसत्या हवेच्या बुडबुड्याचा पृष्ठभागही साखळीची घडी उलगडू शकतो.

यात काळाचा हिशेब वेगळा आहे. थायोफ्लेविन-टी हा रंग घालून ठेवलेल्या प्रथिनाच्या द्रावणाकडे यंत्र दर काही मिनिटांनी पाहते. तंतू झाले तर रंग चकाकतो. प्लेटवरच्या शहाण्णव खळग्यांत एकच द्रावण भरलेले असते. कित्येक तास आलेख आडव्या रेषेत पडून राहतो, मग एखादी रेषा एकदम उभी चढते आणि वर जाऊन सपाट होते. शेजारच्या खळग्यात हेच दोन तासांनी घडते, तिसऱ्यात त्याहून उशिरा. वाट पाहण्याच्या या काळात पहिली काही केंद्रके जुळत असतात आणि मोडत असतात. एकदा ती जमली की पुढचे काम झपाट्याने होते. आधीच तयार झालेल्या तंतूंचे तुकडे टाकले तर वाट पाहण्याचा काळ जवळजवळ नाहीसा होतो. दुधात विरजण घालावे तसेच हे. आणि विरजण तेच असले तरी मे महिन्यातले दही आणि जानेवारीतले दही सारखे लागत नाही, हेही इथे लागू आहे.

तंतू सारखे नसतात, ही या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. 2005 मध्ये रॉबर्ट टायको यांच्या गटाने अमायलॉइड-बीटाचे एकच द्रावण दोन प्रकारे ठेवले: एक स्थिर, एक हलके ढवळत. दोन्हींचे तंतू रचनेने वेगळे निघाले, चेतापेशींना त्यांची होणारी बाधाही वेगळी होती आणि प्रत्येकाने पुढच्या पिढीत आपलाच साचा उतरवला. 2022 मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत टाऊ प्रथिनाच्या एकाच तुकड्यावर याहून नेमका प्रयोग झाला. द्रावणात मॅग्नेशियम क्लोराइड असताना अल्झायमरच्या मेंदूत सापडतात तसे तंतू झाले. त्याऐवजी सोडियम क्लोराइड असताना डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंच्या मेंदूत सापडतात तसे. क्षार बदलला आणि तंतूने वेगळ्याच आजाराचा आकार घेतला. याचा ताटातल्या मिठाशी काही संबंध नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. पण ‘टाऊचा आजार’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा नेमके कुणाचे नाव घेतो, हा प्रश्न या प्रयोगानंतर टाळता येत नाही.

या प्रश्नावर महत्त्वाचे काम आपल्या उपनगरातच चालले आहे. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध असलेल्या पवईच्या आयआयटीत समीर माजी यांची प्रयोगशाळा अमायलॉइडवर काम करते. पवईला येण्याआधी अमेरिकेतल्या साल्क संस्थेत केलेले त्यांचे संशोधन 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. पिट्यूटरी ग्रंथी संप्रेरके साठवते त्या पिशव्यांतला सामू साधारण 5.5 असतो. त्यांनी 42 संप्रेरके त्या सामूला ठेवून पाहिली. हेपारिनसारखी शर्करासाखळी सोबत दिली की त्यांपैकी बहुसंख्य संप्रेरकांचे तंतू झाले. मेंदूचा मारेकरी म्हणून ओळखली जाणारी रचना इथे कोठाराचे काम करत होती. पिशवी रिकामी होते, संप्रेरक रक्ताच्या 7.4 सामूमध्ये येऊन पातळ होते, तंतू सुटतो आणि संप्रेरक कामाला मोकळे होते.

पवईतल्या पुढच्या कामात, 2020 मध्ये, अल्फा-सिन्युक्लिनची सुरुवातच कशी होते हे दिसले. दाटीच्या द्रावणात साखळ्या प्रथम तंतू करत नाहीत. तेलाचे थेंब पाण्यात वेगळे व्हावेत तसे प्रथिनाचे दाट थेंब द्रावणात वेगळे होतात. हे थेंब सुरुवातीला प्रवाही असतात, एकमेकांत मिसळतात, पुढे घट्ट होत जातात आणि त्यांच्या पोटात तंतू धरतात. कमी सामू आणि पार्किन्सनच्या आनुवंशिक रूपातली उत्परिवर्तने तंतूंना उत्तेजन देतात हे माहीत होते. ती आधी थेंबांनाच उत्तेजन देतात, हे या कामाने दाखवले. म्हणजे परिस्थिती शेवटच्या पायरीवर येऊन ढकलत नाही, पहिल्या पायरीपासून ती हजर असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल: मग जनुकांचे काय? आनुवंशिक पार्किन्सन आहे, आनुवंशिक अल्झायमर आहे. तिथे तर दोष साखळीतच आहे. बरोबर आहे. पण तो सदोष क्रम जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो आणि आजार मात्र कित्येक दशकांनी येतो. मधली सगळी वर्षे साखळी तीच असते. पेशीची सफाई मंदावते, पटले बदलतात, धातूंचा तोल ढळतो. उत्परिवर्तन वाट सोपी करते, पण वाट असते ती परिस्थितीचीच. मुंबईच्या पारशी वसाहतींत 1980 च्या दशकात घरोघर जाऊन एक पाहणी झाली आणि 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 14,010 लोकांमध्ये पार्किन्सनचे 46 रुग्ण सापडले. आकडा मोठा होता आणि पारशी समाजाच्या वंशाकडे बोट दाखवणे सोपे होते. पण या समाजात वृद्धांचे प्रमाणच मोठे होते, आणि वय ही या आजाराची सगळ्यात मोठी परिस्थिती आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळ्याच गोष्टींनी फरक पडतो असे म्हटले की काहीच ठरत नाही, आणि ‘परिस्थिती’ हा शब्द अज्ञान झाकायला वापरता येतो. याचे उत्तर एवढेच की परिस्थिती मोजता येते. आणि मोजली की अॅल्युमिनियम आणि हळद या दोन्ही कथा वेगळ्या वाचाव्या लागतात.

अॅल्युमिनियमचा संशय हवेतून आला नाही. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत गुंते दिसले. पुढे कळले की ते अल्झायमरच्या गुंत्यांहून रचनेने वेगळे आहेत. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांना मेंदूचा भयंकर आजार झाला, त्यात अॅल्युमिनियम दोषी ठरले आणि डायलिसिसचे पाणी शुद्ध करण्यावर कटाक्ष आला. पण तिथे धातू पाण्यावाटे थेट रक्तात जात होता आणि तो बाहेर टाकणारी किडनीच बंद पडलेली होती. पातेल्यातून आमटीत उतरणारा अंश निरोगी आतड्यातून जेमतेम शोषला जातो आणि किडनी तो काढून टाकते. धातू तोच, मात्रा, वाट आणि शरीराची अवस्था निराळी. पातेल्यापासून अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेले नाही.

हळदीचे तर आणखी गमतीचे. पवईच्याच गटाने 2013 मध्ये करक्युमिन आणि अल्फा-सिन्युक्लिन एकत्र ठेवून पाहिले. करक्युमिन सुट्या साखळीला चिकटत नाही, अर्धवट जुळलेल्या लहान गटांना चिकटते. आणि ते तंतू होणे थांबवत नाही, उलट त्याला वेग देते! यात फायदा असू शकतो, कारण पेशींना सगळ्यात जास्त इजा करणारे ते लहान गटच आहेत असे आता मानले जाते; ते लवकर तंतूत अडकले तर मोकाट फिरत नाहीत. पण ‘हळद अमायलॉइड विरघळवते’ या फॉरवर्डचा आणि या निष्कर्षाचा काही संबंध नाही. शिवाय तोंडाने घेतलेले करक्युमिन रक्तात नगण्य पोहोचते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसलेला नाही. हळद स्वयंपाकात जरूर असावी. औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता जिथे परिस्थिती खरोखर आपल्या हातात आहे, तिकडे वळू. इन्शुलिनचे तंतू होतात हे डेव्हिड वॉ यांनी 1946 मध्येच दाखवले होते: आम्ल द्रावण, उष्णता, बस्स. म्हणूनच बाटलीतले इन्शुलिन म्हणजे परिस्थितीचा बारकाईने केलेला बंदोबस्त असतो. त्यात जस्त असते, कारण जस्ताभोवती सहा-सहा रेणू जुळून बसले की सुट्या साखळीला वाव राहत नाही. फिनॉल किंवा क्रेसॉल असते. ते जंतू मारते आणि सहा रेणूंच्या त्या जुळणीला घट्टही धरते. सोबतच्या पत्रकात ‘गोठवू नका, उन्हात ठेवू नका, जोरात हलवू नका’ असे लिहिलेले असते. यातली शेवटची सूचना कुणी फारशी मनावर घेत नाही. पण हलवल्याने बुडबुडे येतात आणि हवा-पाण्याच्या सीमेवर इन्शुलिनची घडी उलगडते.

हा बंदोबस्त सुईच्या टोकाला संपतो. त्वचेखाली जस्त आणि फिनॉल पसरून जातात, शरीराची ऊब असते, आणि पोटावर ठरलेल्या एकाच जागी रोज सुई टोचली तर तिथे साठणाऱ्या इन्शुलिनचे तंतू होऊन गाठ येऊ शकते. त्या गाठीत टोचलेले इन्शुलिन रक्तात नीट पोहोचत नाही. साखर चढते, मात्रा वाढवली जाते. मग कधीतरी रुग्ण जागा बदलतो, वाढीव मात्रा पूर्ण रक्तात उतरते आणि साखर धोकादायकरीत्या खाली येते. यात प्रथिन औषधाचे, शुद्ध, निर्दोष. बदलली ती फक्त परिस्थिती. जागा बदलत राहणे, सुई पुन्हा पुन्हा न वापरणे आणि डॉक्टरांनी रिपोर्ट वाचण्याबरोबर पोटावरून हात फिरवून गाठ आहे का पाहणे, इतक्या साध्या गोष्टी आहेत. पण गर्दीच्या ओपीडीत त्याच राहून जातात.

आणि आता ज्या अमायलॉइडचा उल्लेख आपल्या सोसायटीतल्या चर्चेत कधीच येत नाही, ते. शरीरात कुठेही दाह असला की यकृत सीरम अमायलॉइड-ए नावाचे प्रथिन सोडते. त्याची पातळी नेहमीच्या हजारपटीपर्यंत चढू शकते. दाह आठवड्यात ओसरला तर काही बिघडत नाही. तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर काही रुग्णांत याच प्रथिनाचे तुकडे तंतू होऊन किडनीत साठतात. लघवीला फेस येतो, पावले सुजतात, पुढे किडनी निकामी होते. पाश्चात्त्य देशांत यामागे बहुधा संधिवात असतो. भारतात दीर्घकाळ याचे प्रमुख कारण राहिले आहे क्षयरोग.

इथे रासायनिक परिस्थितीची साखळी रक्तापाशी थांबत नाही. रक्तातले प्रथिन दाहामुळे वाढले, दाह जंतूंमुळे टिकला, जंतू औषध अर्धवट सुटल्याने उरले किंवा मुळात कोंदट खोलीत पसरले. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 2018 मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला; आयआयटी मुंबईतल्या तज्ज्ञांचा त्यात सहभाग होता. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारतींत जेमतेम तीन मीटरचे अंतर. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त. किडनीच्या बायोप्सीत काँगो रेडने हिरवी चमक दाखवली तर पॅथॉलॉजिस्ट अहवालात एका प्रथिनाचे नाव लिहील. अहवाल अचूकच असेल, पण खोलीचा त्यात उल्लेख नसेल.

कुणी म्हणेल, हे रसायनशास्त्र सोडून राजकारण झाले. मला तसे वाटत नाही. दाहातून होणाऱ्या या अमायलॉइड आजाराच्या रुग्णांवरचा एक मोठा ब्रिटिश अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. दाह आटोक्यात येऊन सीरम अमायलॉइड-ए ची पातळी खाली राहिली, त्या रुग्णांपैकी अनेकांत साठा वाढायचा थांबला, काहींत कमीही झाला. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाच्या अमायलॉइडवर टाफामिडिस हे औषध अशाच विचाराने चालते: तंतूंवर घाव न घालता चार साखळ्यांचे मूळ जोडकाम घट्ट धरायचे, म्हणजे सुटी साखळी मिळणार नाही. साठलेले अमायलॉइड-बीटा काढून टाकणारी प्रतिपिंडे महागडी आहेत आणि त्यांचा फायदा आजवर माफकच दिसला आहे. त्यांपैकी लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत रुग्णांची घसरण 27 टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. तंतू झाल्यावर तो उपसण्यापेक्षा तो होण्याची परिस्थिती मोडणे जास्त फलदायी ठरते, असे ही उदाहरणे सुचवतात. प्रत्येक आजारात ते शक्य असेलच असे नाही. मेंदूत परिस्थिती बदलणे अजून आपल्या आवाक्यात आलेले नाही. पण जिथे ते आवाक्यात आहे, तिथे ते न करणे ही निवड आहे.

म्हणून ‘कोणता पदार्थ घ्यावा, कोणता टाळावा’ या प्रश्नाचे समाधान मला पुरेसे वाटत नाही. विज्ञानाची बातमी देणाऱ्याने ‘अमुकमुळे तंतू थांबले’ असे लिहिताना कुठल्या सामूला, किती मात्रेला, नळीत की माणसात, हेही त्याच वाक्यात सांगावे. डॉक्टरांनी जुना क्षय झालेल्या माणसाच्या पायावरची सूज केवळ वयाच्या नावावर खपवू नये, लघवीतले प्रथिन तपासावे. आणि पुनर्वसनाचे आराखडे तपासणाऱ्याने दोन इमारतींतल्या अंतराकडे आरोग्याचा आकडा म्हणून पाहावे. दोष प्रथिनाचा असता तर आपण हात झटकून मोकळे झालो असतो. परिस्थितीला मात्र बहुतेक वेळा कुणीतरी कर्ता असतो. ते तीन मीटरचे अंतर कुठल्या जनुकाने ठरवलेले नव्हते; ते मंजूर झालेल्या नकाशात होते, आणि पुढचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत.